हळदीची परीक्षा

वाचकहो, सांगलीकरांना हळदीविषयी चार शब्द सांगायला जाणे म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे. फेब्रुवारी उजाडला की मार्केट यार्डाकडून येणाऱ्या वाऱ्याला हळदीचा वास येऊ लागतो आणि मे महिन्यापर्यंत तो हटत नाही. माझे अब्बा याच बाजारात एका अडत दुकानावर हमाल होते. त्यांचे सदरे, त्यांची उशी, त्यांच्या तळहातांच्या रेषा, सारे पिवळे. शाळेत असताना माझ्या वह्यांच्या कडाही पिवळ्या होत आणि नाव न वाचताच वही कोणाची हे गुरुजींना कळत असे. त्या वेळी मला त्याची लाज वाटे. आज तीच हळद मी या लेखाचा विषय म्हणून घेतली आहे.

मी इतिहासाचा शिक्षक, विज्ञानाचा नव्हे. तरीही इतिहास केवळ राजांचा आणि लढायांचाच असतो असे नाही. एखादे मूळ, एखादी साल, एखादे तेल माणसाने कसे पारखले, त्यात कोण फसले आणि कोणाच्या हाती काय लागले, हाही इतिहासच होय. वनस्पतींचे अर्क व सुगंधी तेले रोगजंतूंना आवरतात काय, या प्रश्नाचा इतिहास तर आपल्या कृष्णाकाठाला दोन ठिकाणी स्पर्श करून जातो. वरच्या टोकाला महाबळेश्वर आणि खाली सांगली. या दोन गावांना जोडणारा एक धागा दूर पॅरिसमध्ये आहे, तो पुढे येईलच.

आधी पेवांविषयी सांगतो, कारण आजच्या मुलांनी ती पाहिलेली नाहीत. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर आणि सांगलीच्या आसपासचा परिसर यांची माती अशी चिवट की तीत खोल खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत. तोंड अरुंद, पोट मोठे, अशी ही जमिनीतली कोठारे म्हणजे पेवे. आत हळदीची पोती उतरवायची, तोंड बंद करायचे, वर माती लिंपायची. वर्षानुवर्षे हळद राहते, किडत नाही. याचे रहस्य असे की बंद पेवातील हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि किडीला जगता येत नाही. पण जे किडीला लागू तेच माणसालाही. पेव उघडले की ते काही तास तसेच ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचे नाही. अब्बा सांगत की घाई करणाऱ्या मुकादमापेक्षा त्या कंदिलाचे ऐकावे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवे पाण्याने गेली, आणि आता हळद बहुधा गोदामांतून व शीतगृहांतून ठेवतात. असो. हवा नसलेल्या जागेची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१९७४ सालच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या चाचांच्या पायात बैलाच्या नालेचा जुना खिळा गेला. ते नऊ वर्षांचे होते. खिळा अब्बांनीच उपसून काढला. ते तेव्हा चौदा वर्षांचे. दादीने जखम पाण्याने धुतली, मूठभर हळद तेलात कालवून ती भोकात ठासून भरली आणि वर चिंधी बांधली. घरात हळदीला तोटा नव्हता. तिसऱ्या दिवशी जखम वरून कोरडी झाली आणि पोर अंगणात हुंदडू लागले. आठव्या दिवशी त्याचा जबडा उघडेना. दहाव्या दिवशी ते गेले. दादी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. इतकी वर्षे ती एकच वाक्य बोलत आली आहे, की त्या दिवशी हळद कमी पडली, अजून घालायला हवी होती.

दादीचे चुकले काय? हा प्रश्न लहानपणापासून माझ्या मनात आहे. पुष्कळ सुशिक्षित लोक याचे उत्तर चटकन देतात. काही म्हणतात, हे अडाणीपणाचे उपचार. काही म्हणतात, आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, विज्ञान आता कुठे तिथे पोहोचत आहे. मला दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. दोन्हींत हळदीची परीक्षा कोणी घेत नाही.

परीक्षेचा आरंभ १८१५ साली झाला. पॅरिसमध्ये पेल्तिए नावाचा सत्तावीस वर्षांचा औषधविद्येचा अभ्यासक होता. फोगेल नावाच्या सहकाऱ्यासह त्याने हळकुंडातून पिवळा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला कर्क्युमिन हे नाव दिले. हे नाव हळदीच्या लॅटिन नावावरून, कर्क्युमा, आले. आणि ते लॅटिन नाव अरबीतील ‘कुर्कुम’ या शब्दावरून. युनानी हकीम हळदीला फारसीत ‘जर्दचोब’ म्हणतात, म्हणजे पिवळी काडी. पेल्तिएच्या आधी अडीचशे वर्षे, १५६३ साली, गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या पोर्तुगीज ग्रंथात हळदीचे वर्णन आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यास जात असे व तेथील हकिमांशी औषधांची चर्चा करीत असे. म्हणजे हळदीची कीर्ती काही लपलेली नव्हती. पेल्तिएने नवे केले ते इतकेच की हळदीला विचारले, तुझ्यात नेमके आहे काय? त्याचे उत्तर मात्र अर्धेच निघाले. त्याने काढलेला पदार्थ शुद्ध नव्हता. तो राळ आणि हळदीचे तेल यांचे मिश्रण होते, असे पुढे दिसून आले.

याच पेल्तिएने पाच वर्षांनी, १८२० मध्ये, काव्हांतू या मित्रासह सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन काढले. आपले वडीलधारे ज्याला कोयनेल म्हणत तेच हे. हिवतापावर दक्षिण अमेरिकेतील सिंकोनाची साल उकळून देण्याची रीत जुनी होती; पण कोणत्या सालीत जोर किती, हे कोणास ठाऊक नसे. क्विनीन हाती आल्यावर मात्रा मोजता येऊ लागली. हिवताप ज्या परोपजीवी जंतूमुळे होतो तो जंतू त्यानंतर साठ वर्षांनी, १८८० मध्ये सापडला. म्हणजे औषध आधी आणि शत्रूची ओळख मागाहून.

धागा महाबळेश्वरला येतो तो इथे. १८६० च्या सुमारास इंग्रज सरकारने पेरूहून सिंकोनाची रोपे व बी हिंदुस्थानात आणवले. निलगिरीवर त्याची लागवड यशस्वी झाली. तोच प्रयोग त्या दशकात सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सरकारने केला. आपण सहलीला गेलो की ज्या लिंगमळ्याचा धबधबा पाहतो तोच हा भाग. प्रयोग फसला व लागवड सोडून द्यावी लागली. सिंकोनाला वर्षभर वाटून पडणारा पाऊस हवा असतो. महाबळेश्वरी तो चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन वाळते. परदेशी झाड आपल्या डोंगरावर रुजले नाही. पण त्याचा अर्क पुडीत बांधून आपल्या खेड्यापर्यंत आला. पोस्टात तिकिटाशेजारी कोयनेलची पुडी एका पैशाला मिळत असे, अशी आठवण जुनी माणसे सांगत.

आणि आपली हळद? ती वाई-कोरेगावच्या वाफ्यांत, कराड-सांगलीच्या मळ्यांत डोलत होती, काहिलीत शिजत होती, उन्हात वाळून पोत्यांत भरली जात होती. शास्त्रज्ञांच्या लेखी मात्र ती केवळ रंग होती. सोड्यासारख्या अल्काला हळद लावली की लाल होते, हे आपल्या घरातील साबणाने धुतलेला डाग पाहून कोणीही सांगेल. हळद आणि चुना यांच्यापासून कुंकू होते ते याच कारणाने. त्या गुणावरून प्रयोगशाळेत हळदीचा कागद वापरीत. कर्क्युमिनची रचना १९१० साली पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी उलगडली. तरी ते जंतूंना मारते काय, हे कोणी पाहिलेले नव्हते. एकाच माणसाने पाच वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन पदार्थांपैकी एक जगभर औषध झाला आणि दुसरा रंगाच्या बाटलीत राहिला.

दरम्यान जंतूंचे शास्त्र जन्मास आले होते. पाश्चर आणि कॉख यांची नावे विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. एक नाव पाठ्यपुस्तकांत नसते, ते सांगतो. जंतू वाढवायला कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटीन वापरीत, पण उन्हाळ्यात ते वितळून जाई. तेथील हेस नावाच्या संशोधकाच्या पत्नीने, फॅनी हेस यांनी, १८८१ मध्ये सुचवले की आपण मुरंब्यात घालतो ते समुद्रशेवाळाचे आगर वापरून पाहा. आज जगातील प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या बाईंच्या स्वयंपाकघरातली ती वस्तू आहे.

पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने १८८७ मध्ये अनेक सुगंधी तेले काळपुळीच्या जंतूंवर तपासली आणि दालचिनीचे तेल त्यांत फार प्रभावी ठरले. लवंगेच्या तेलाला दंतवैद्यांनी आपल्या कपाटात जागा दिली ती आजतागायत आहे. ओव्यातील थायमॉल तर पोटातील आकडीकृमींवरील औषध म्हणून नावाजले गेले आणि पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. ओवा आपला, औषध त्यांचे, आणि विकत घेणारे पुन्हा आपण. हळदीच्या तेलाच्या औषधी गुणांचा अभ्यास कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. देशी औषधांची शास्त्रीय तपासणी करणारांत चोप्रा हे अग्रणी होत.

पेनिसिलिन आले आणि सगळे पालटले. बुरशीतून असे औषध निघते तर झाडपाल्यातून का निघू नये, या विचाराने शोध सुरू झाला. १९४४ मध्ये लसणातील ॲलिसिन हाती आले. आणि १९४९ साली दोन जर्मन संशोधकांनी ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकात एक टिपण छापले, की कर्क्युमिन जंतूंची वाढ रोखते, विशेषतः जखमेत पू करणाऱ्या सोनेरी गोलाणूंची. पेल्तिएपासून हे व्हायला १३४ वर्षे लागली. दादीच्या हळदीत काही नव्हते असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

पण किती होते? इथे मी माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. ती सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात, आणि मुलीला रोज एवढ्या लांबच्या कॉलेजात कशाला पाठवता, असे विचारणारे त्यांना पुष्कळ भेटतात. गेल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी तिने हळद घेतली आणि दादीकडून घरचे हळकुंड मागून नेले. काचेच्या बशीत आगराचा थर, त्यावर गोलाणू पसरलेले, थराला चार बारीक भोके. एका भोकात हळद उकळलेले पाणी. दुसऱ्यात अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क. तिसऱ्यात दवाखान्यात मिळणारे प्रतिजैविक. चौथ्यात नुसते अल्कोहोल. हे चौथे कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, “सर, जंतू मेले तर ते हळदीने मेले की अल्कोहोलने, हे कसे कळणार?” इतिहासात साक्षीपुरावा तपासताना आम्ही हेच करतो, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर बशीचे छायाचित्र दाखवले. जंतूंचा दुधी थर सर्वत्र पसरलेला. प्रतिजैविकाभोवती रुपयाएवढे स्वच्छ वर्तुळ, तेथे जंतू नाहीत. अल्कोहोलभोवती काही नाही. हळदीच्या पाण्याभोवती काही नाही. अल्कोहोलमधील हळदीच्या अर्काभोवती दोन-तीन मिलिमीटरची कड. बस्स. मुलगी हिरमुसली होती. मी तिला म्हटले, ती कड खरी आहे ना? मग तेवढीच लिही.

पाण्यातल्या हळदीने काहीच का केले नाही? कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शरीरातही त्याची हीच अडचण आहे. पोटातून ते रक्तात फारसे उतरत नाही आणि उतरले तर लवकर मोडते. २०१७ मध्ये अमेरिकेतील औषधी-रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. शंभराहून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या असूनही, औषध कोणाला आणि बनावट गोळी कोणाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवून केलेल्या कसोटीस ते एकदाही निर्विवाद उतरलेले नाही, असे त्यांनी लिहिले. हे वाचून कोणी हळदीचा डबा फेकून देऊ नये. भाजीत ती हवीच. पण हळदीच्या महागड्या गोळ्यांच्या जाहिराती पाहून पाकीट उघडणाऱ्या पालकांनी हा आढावा ध्यानी ठेवावा, असे मला वाटते.

आता चाचांच्या पायाकडे येतो. धनुर्वाताचा जंतू १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवला. त्याआधी ते कोणास साधत नव्हते, कारण हा जंतू हवेत वाढत नाही. प्राणवायू त्याला विषासारखा. कितासातोने हवा काढून टाकली आणि जंतू वाढला. त्याचे बीज मात्र मातीत, शेणात, गंजलेल्या खिळ्यावर वर्षानुवर्षे निपचित पडून राहते. पायात खोल भोक पडले आणि त्याचे तोंड बंद झाले की त्याला हवी ती जागा मिळते. वाचकहो, ते पेवच होय. दादीने हळद ठासून त्या पेवाचे तोंड लिंपले. वर हळदीने पू धरू दिला नाही हेही शक्य आहे, म्हणूनच जखम कोरडी दिसली. खाली, हळद पोहोचत नाही तेथे, हवा नव्हती. शिवाय हळद हे जमिनीतले मूळ. उघड्या खळ्यावर वाळवलेले. दळलेल्या हळदीत मातीतल्या जंतूंची बीजे असू शकतात. हळद कमी पडली नव्हती. तिथे हळदीचे कामच नव्हते. तिथे जखम उघडी ठेवून धुणे हवे होते आणि लस हवी होती. लस तेव्हा अस्तित्वात होती, पण घरोघर पोहोचली नव्हती. भारताचा व्यापक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तो १९७८ मध्ये, चाचा गेल्यानंतर चार वर्षांनी.

इतके सांगून मी थांबलो तर हळदीवर अन्याय होईल, कारण तिची आणखी एक परीक्षा झाली, आणि ती न्यायालयासारख्या जागी.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. अर्जातील दोन्ही संशोधक मूळचे भारतीयच होते. पेटंट म्हणजे शोधाची मालकी. जे काम दादी आणि तिची दादी करीत आली ते अमेरिकेत नवा शोध ठरले. आपल्याकडे संतापाची लाट उठली. पण संतापाने पेटंट रद्द होत नाही. त्या काळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशात लोक एखादी गोष्ट पिढ्यान् पिढ्या करतात, एवढे म्हणून भागत नसे. ती कुठेतरी छापलेली, लिहिलेली दाखवावी लागे. सबंध हिंदुस्थानच्या आज्यांची साक्ष तेथे चालणारी नव्हती.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी १९४३ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी वडिलांना मुकला. आईने मुंबईत पडेल ते काम करून त्याला शिकवले, महापालिकेच्या शाळेत घातले. माझ्या वर्गातील अर्ध्या मुलांच्या घरची स्थिती याहून बरी आहे, हे मी त्यांना अधूनमधून सांगतो. परिषदेने १९९६ मध्ये पेटंटाला आव्हान दिले आणि ३२ लिखित पुरावे सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतील उतारे होते, काही शंभर वर्षांहून जुने. आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

उर्दूतील औषधांची जुनी पुस्तके आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असतात. जुने कागद म्हणून ती रद्दीत जातात. अशाच पुस्तकांतील काही पाने वॉशिंग्टनला पुरावा म्हणून उभी राहिली. त्यानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह सुरू झाला. आयुर्वेद, युनानी व सिद्ध वैद्यकातील संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतील योग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवले गेले, म्हणजे परदेशी पेटंट तपासनीसाला ते वाचता यावेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो वेगळा हक्क आहे. त्याने नाव सुरक्षित राहते, औषधी गुणाबद्दल ते काही सांगत नाही.

एक बारकावा मात्र विजयाच्या आनंदात निसटून जातो. पेटंट कार्यालयाने हळदीने जखम भरते असा निकाल दिलेला नाही. ही गोष्ट नवी नाही, जुनीच आहे, एवढाच तो निकाल. जुनी असणे आणि खरी असणे यांत अंतर आहे.

ते अंतर कसे ओलांडता येते याचे उदाहरण पुन्हा हिवतापाचेच आहे. क्विनीनला आणि त्यानंतरच्या क्लोरोक्विनला हिवतापाचा जंतू दाद देईनासा झाला तेव्हा, १९६९ पासून, थू यूयू या चिनी बाईंनी जुन्या वैद्यकग्रंथांतून शेकडो उपाय गोळा केले. त्यांतली एक वनस्पती कधी गुण देई, कधी देत नसे. चौथ्या शतकातील गं होंग या वैद्याचा ग्रंथ पुन्हा वाचताना त्यांच्या ध्यानात आले की त्याने ती वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे. उकळण्याने गुण जात असावा. मग त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला, आधी प्राण्यांवर पाहिला, मग स्वतः घेऊन पाहिला. १९७२ मध्ये त्यातून आर्टेमिसिनिन वेगळे झाले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने कृती नीट लिहून ठेवली नसती तर हे झाले नसते, आणि बाईंनी ती पारखली नसती तरीही झाले नसते. त्या शेकडो उपायांतील बहुतेक कसोटीला उतरले नाहीत, हेही सांगायला हवे.

यंदा मी नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक काम दिले. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून औषधांची कृती लिहून आणायची. कोणती वनस्पती, कोणता भाग, उकळून की भिजवून, किती, कशावर. मुलींनी जास्त आणि बारकाईने लिहिले. मुलांनी बहुतेक आईकडून शेवटच्या रात्री लिहून घेतले, असे अक्षरावरून दिसते. एका वहीत ‘लहान पोराला कानात तेल गरम करून घालणे’ आहे, ते कोणी करू नये. दुसऱ्या वहीत अडुळशाच्या पानांचे प्रमाण इतके नेमके दिले आहे की ते मी माझ्या माजी विद्यार्थिनीकडे पाठवून दिले.

तिने त्या बशीचे छायाचित्र मला दिले होते, ते मी दादीला दाखवले. दादीला दिसते कमी. डोळ्यांजवळ मोबाईल धरून तिने ती कड बराच वेळ पाहिली. मी तिला चारही भोकांचे सांगितले, पेवाचे सांगितले, हवेचे सांगितले. तिने विचारले, “या बशीत तो पायातला जंतू आहे का?” मी म्हटले, नाही, तो कॉलेजात वाढवू देत नाहीत, आणि तो उघड्या बशीत वाढतही नाही. ती गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी कितीही घातली असती तरी.” मी हो म्हणालो. तिने मोबाईल परत दिला आणि अब्बांना हाक मारून विचारले की घरातल्या सगळ्या पोरांच्या सुया वेळच्या वेळी दिल्या आहेत ना.